देवाला आवडेल असं जगणं: ख्रिस्ती श्रद्धा नेमकं काय सांगते?

येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत येतो. यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन येशू वर येतो आणि आकाशातून वाणी होते: हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. चर्चमध्ये वाढलेल्यांना हे इतकं पाठ असतं की त्यातली खरी गंमत नजरेतून निसटते. ही वाणी झाली तोवर येशूने केलं काय होतं? एकही आजारी बरा केलेला नव्हता, एकही प्रवचन दिलेलं नव्हतं, शिष्य तर अजून आपापल्या होड्यांत मासे धरत होते. लूक सांगतो की तेव्हा त्याचं वय तिशीच्या आसपास होतं. नासरेथसारख्या आडगावात सुतारकामात गेलेल्या त्या वर्षांबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ गप्प आहेत. तरीही देवबाप म्हणतो, मी संतुष्ट आहे. परीक्षेच्या आधीच निकाल लागावा तसं हे झालं.

देवाला संतोष होईल असं कसं जगायचं, हा प्रश्न ख्रिस्ती श्रद्धेत या क्रमापासून सुरू होतो. बहुतेक गोंधळ क्रम उलटा धरल्याने होतात. आपण चांगलं वागू, मग देव प्रसन्न होईल, मग तो आपल्याला जवळ करील, असं मनाला सहज वाटतं. शास्त्र मात्र म्हणतं की देवाने आधी जवळ केलं, म्हणून आता त्याला शोभेल असं वागायचं.

यावर कुणी म्हणेल, तो येशू होता, देवाचा पुत्र, आमचं काय? शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर पौल या पहिल्या शतकातल्या प्रेषिताने इफिसच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, लिहिलेल्या पत्रात सापडतं. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला देवाने दत्तक घेतलं आहे, असं तो सांगतो. दत्तक आलेलं मूल काही मिळवून त्या घरात येत नाही. त्याला आणलं जातं, आणि त्या घराच्या रीती ते तिथं राहता राहता शिकतं.

आता हे ऐकायला सोपं आहे, पचायला नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक जमाखर्चाची वही उघडी असते. इतकी वर्षं दर रविवारी उपासनेला जातो, दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) द्यायला चुकत नाही, मग पोराला नोकरी का लागत नाही? हा सूर कुठल्याही मंडळीत ऐकू येतो आणि त्यात नवल नाही. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ नेमकं हेच बोलतो: इतकी वर्षं तुमची चाकरी केली, कधी आज्ञा मोडली नाही, आणि मला कधी साधं करडूही दिलं नाहीत. तो घरातच राहत होता, पण मनाने मजूर होता. धाकटा पैसे उडवून बापापासून लांब गेला, थोरला हिशेब ठेवून. माझ्या मते चर्चमध्ये नेमाने बसणाऱ्या आपल्यासारख्यांना दुसरा धोका जास्त जवळचा आहे.

पण सगळं कृपेनेच मिळत असेल, तर मग चांगलं वागायचंच कशाला? हा प्रश्न पौलाला त्याच्या हयातीतच विचारला गेला होता आणि पुढे त्यावरून चर्च दुभंगलंही. पौल म्हणतो, माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, आणि दाखला अब्राहामाचा देतो. नव्या करारातल्याच याकोबाच्या पत्रात म्हटलंय, कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, आणि दाखला पुन्हा अब्राहामाचाच. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर तर याकोबाच्या पत्रावर इतका वैतागला की 1522 साली नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला पेंढ्याचं पत्र म्हणून टाकलं. खरं तर पौल आणि याकोब यांच्यासमोरची माणसं वेगळी आहेत. सुंता आणि नियमशास्त्र पाळल्यानेच देव स्वीकारतो असं म्हणणाऱ्यांना पौल उत्तर देतोय. याकोबासमोर उघड्यावागड्या, उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव' एवढा आशीर्वाद देऊन दार लावून घेणारा माणूस आहे. चांगल्या कामांनी तारण विकत मिळत नाही हे एकाने ठासून सांगितलं, तर चांगलं काम जिथं कधीच उगवत नाही तिथं विश्वास तरी आहे का, असं दुसऱ्याने विचारलं. या वादावर कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत ऑग्सबर्ग इथं एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. नीतिमान ठरणं देवाच्या कृपेने, आणि त्या कृपेतून सत्कृत्यं निपजतात, हा त्याचा गाभा. तोवर पावणेपाचशेहून अधिक वर्षं वादात गेली होती.

ठीक, क्रम कळला. पण प्रत्यक्षात जगायचं कसं? यासाठी मला सगळ्यांत उपयोगी वाटतं ते पौलाचं थेस्सलनीकाकरांना पहिलं पत्र. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे त्याच्या उपलब्ध पत्रांतलं सर्वांत जुनं, साधारण इसवी सन 50 ते 51 मधलं. थेस्सलनीका हे मासेदोनिया प्रांतातलं मोठं बंदर, रोमच्या राजरस्त्यावरचं शहर. आज ग्रीसमधलं दुसऱ्या क्रमांकाचं. पौल आणि त्याचा सोबती सीला तिथं फार दिवस टिकले नाहीत. यासोन नावाच्या माणसाच्या घरावर जमाव चालून आला, त्याच्याकडून जामीन घेण्यात आला, आणि बंधुजनांनी पाहुण्यांना रातोरात बिरुयाला रवाना केलं. मागे राहिली ती नवशिकी मंडळी: आदल्या वर्षापर्यंत मूर्तिपूजक असलेली, नातेवाइकांत आणि बाजारात वाळीत पडू लागलेली. पौलाला काळजी लागून राहिली. त्याने आपला सहकारी तीमथ्य याला परत पाठवलं, बरी बातमी आली, आणि मग हे पत्र गेलं.

चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो, कसं वागून देवाला संतोषवावं हे तुम्ही आमच्याकडून शिकलात, तसे वागताही आहात. त्यात आणखी वाढत जा. पुढे एखादी लांबलचक विधींची यादी येईल असं वाटतं. ती येत नाही. येतात त्या तीन गोष्टी, आणि तिन्ही घरातल्या आणि पेठेतल्या.

पहिली, शरीर. त्या काळच्या रोमी समाजात पुरुषाने बटकीकडे किंवा वेश्येकडे जाणं यात कुणाला फारसं वावगं वाटत नसे. पौल म्हणतो, आपल्या देहावर ताबा ठेवा, आणि या बाबतीत आपल्या बंधूची फसवणूक करू नका. फसवणूक हा शब्द महत्त्वाचा आहे. व्यभिचाराला तो केवळ अशुद्धता म्हणत नाही. त्यात कुणाचा तरी हक्क मारला जातो, आणि प्रभू त्याची दखल घेतो. आपल्याकडे या विषयावर एक तर बोलणंच होत नाही, नाहीतर सगळा रोख मुलींच्या कपड्यांवर येतो. पौलाचा रोख, निदान या परिच्छेदात, पुरुषांच्या वागण्यावर आहे.

दुसरी, एकमेकांवरची प्रीती. यावर तुम्हाला वेगळं लिहायची गरज नाही, असं म्हणून तो दोन ओळींत पुढे जातो.

तिसरी मात्र वाचताना माणूस थबकतो. स्वस्थ राहण्याची हौस धरा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा. देवाला आवडेल असं जगण्याच्या उपदेशात हे! पण पौल स्वतः तंबू शिवणारा कारागीर होता. करिंथात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी राहून हाच धंदा करत होता, आणि बहुधा तिथूनच त्याने हे पत्र लिहिलं. जाड कापडात नाहीतर चामड्यात सुई खुपसायची, टाके ओढायचे, ग्राहकाशी घासाघीस करायची. हे काम त्या काळच्या शिकल्यासवरल्या वर्गाला हलकं वाटे. पौल अभिमानाने आठवण करून देतो की तुमच्यावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस कष्ट केले. थेस्सलनीकाकरांना दुसऱ्या पत्रात तो आणखी कडक होतो: ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने जेवूही नये. हे वाक्य गरिबांच्या तोंडावर फेकणारे पुष्कळ आहेत, म्हणून सांगायला हवं की ते काम न मिळणाऱ्याविषयी नाही, करू न शकणाऱ्याविषयी तर नाहीच. काम सोडून दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसत हिंडणाऱ्यांविषयी आहे.

म्हणजे थेस्सलनीकाच्या त्या कारागिराने माप नीट दिलं, उधारी वेळेवर फेडली, घरी बायकोशी इमान राखलं, तर तेवढ्याने देव संतुष्ट होतो? पौल हो म्हणतो, फक्त एका अटीवर: हे सगळं माणसांना दाखवण्यासाठी नसावं. पहिल्या पत्रातच आधी तो म्हणतो की आम्ही माणसांना खूश करायला बोलत नाही. आमची अंतःकरणं पारखणाऱ्या देवाला संतोषवतो.

इथं येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला, मत्तयाचा सहावा अध्याय आठवतो. दान करताना कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, उपास केलात तर तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून बाहेर पडा. आपल्या चर्चमध्ये मान वर केली की पंख्याच्या पात्यावर रंगवलेलं दिसतं: अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक परिवाराकडून. बाकावर तेच, घड्याळावर तेच. देणाऱ्याच्या भावनेबद्दल शंका घ्यायचं कारण नाही, उन्हाळ्यात तो पंखा लागतोच; पण येशूला तो वाचायला लागला असता तर त्याने काय म्हटलं असतं याचा अंदाज करता येतो.

जुन्या करारातल्या संदेष्ट्यांना तर पूजाअर्चेचा थाटच खुपायचा. आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. तो देवाच्या वतीने म्हणतो, तुमचे सण मला नकोसे झालेत, तुमच्या गाण्यांचा गलबला दूर करा; न्याय पाण्यासारखा वाहू द्या. कारण त्याच भक्तांच्या बाजारात माप लहान होतं, तराजू खोटा होता, आणि चपलेच्या जोडासाठी गरीब माणूस विकला जात होता. मीखा या संदेष्ट्याने तोच हिशेब तीन गोष्टींत आणला: न्यायाने वागणं, दयेची आवड धरणं, आपल्या देवाबरोबर नम्रपणे चालणं. भक्ती आणि समाजकार्य हे दोन वेगळे विभाग आहेत ही कल्पना या पुस्तकांत कुठेच बसत नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून तिथल्या जमिनीसाठी आणि हिरवाईसाठी उभे राहिले, तेव्हा धर्मगुरूने यात कशाला पडायचं असं काहींना वाटलं असेल. आमोसाला वाटलं नसतं. पुढे 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

येशूने एक उदाहरण दिलंय ते नीट डोळ्यांसमोर आणण्यासारखं आहे. तू वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे. तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. हे तो सांगतोय गालीलात, आणि वेदी आहे यरुशलेमात. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या वर, पायी काही दिवसांची वाट. म्हणजे कुणी गालीली शेतकरी अर्पणाचं जनावर घेऊन मजल दरमजल करत यरुशलेमला पोचलाय, गर्दीत त्याचा नंबर लागलाय, आणि याजकासमोर उभं असताना त्याला घरच्या बांधावरचं भांडण आठवतं. येशू म्हणतो, जनावर तिथंच सोड आणि गावी परत जा. भावाच्या दारात उभा राहा, बोल, मग पुन्हा ये. ऐकणारे हसलेही असतील. त्यातही चूक तुझी की भावाची हे येशू विचारतच नाही. जमिनीच्या वाटणीवरून वर्षानुवर्षं अबोला धरून एकाच चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसणारे भाऊ ज्यांनी पाहिलेत, त्यांना या दोन ओळी किती अवघड आहेत ते सांगायला नको.

दुसरं उदाहरण जक्कयाचं. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला म्हणतो, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. पुन्हा तोच क्रम बघा: आधी पैसे परत कर, मग घरी येतो, असं नाही. पाहुणा आधी घरात आला आणि मग जक्कय उठून उभा राहिला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. नियमशास्त्रात फसवून घेतलेल्या रकमेवर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितलं होतं. चौपट भरपाई मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोराला होती. जक्कयाने स्वतःला त्या चोराच्या रांगेत उभं केलं. त्याचा पश्चात्ताप रकमेत मोजता येतो, आणि त्या दिवशी यरीहोत काही घरांत खरेखुरे पैसे परत गेले असतील.

महाराष्ट्रात या क्रमाची सर्वांत बोलकी साक्ष पंडिता रमाबाईंची आहे. त्यांचं बालपण आईवडिलांसोबत तीर्थयात्रा करण्यात, पुराणं सांगण्यात गेलं. देवाला प्रसन्न करून घ्यायला त्या कुटुंबाने व्रतं केली, दानं केली, होतं नव्हतं ते घालवलं, आणि दुष्काळाच्या हालांत आईवडील गेले. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आपण लायक झालो की मग देव स्वीकारील, ही अट बाप्तिस्म्यानंतरही काही वर्षं त्यांच्या मनात शिल्लक होती. ती 1891 च्या सुमारास गळून पडली. त्यानंतर त्या निवांत बसल्या का? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीने खंगलेल्या मुली, विधवा केडगावला आणल्या. तिथल्या त्यांच्या आश्रमात, मुक्ती मिशनमध्ये, विणकाम होतं, शेती होती, छापखाना होता. बायबलचं त्यांचं मराठी भाषांतर तिथंच छापलं गेलं. देवाची मर्जी संपादन करायची उरली नाही तेव्हा माणसाचे हात किती मोकळे होतात, हे त्या कामाच्या पसाऱ्यावरून दिसतं.

इथंच आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. देव संतुष्ट आहे म्हणजे संसार सुरळीत चालेल, असं कुठंही लिहिलेलं नाही. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली गेली आणि त्या स्वतः पुढच्याच वर्षी. ज्याच्याविषयी मी संतुष्ट आहे असं देव म्हणाला तो क्रुसावर गेला. विश्वासाशिवाय देवाला संतोषवणं अशक्य आहे असं सांगणारा इब्रीकरांस पत्राचा अकरावा अध्याय शेवटी दगडमार झालेल्या आणि करवतीने चिरलेल्या विश्वासणाऱ्यांपर्यंत येतो. देणगी द्या, आशीर्वाद दुप्पट मिळवा, असं माइकवरून सांगणारे प्रचारक हा अध्याय वाचून दाखवत नाहीत.

आणि चुकलं तर? चुकणारच. येशूचा शिष्य पेत्र याने कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारलं, तरी मेंढरांचा सांभाळ त्याच्याकडेच आला. कॅथलिक माणूस फादरांजवळ जाऊन पापांची कबुली देतो, प्रोटेस्टंट प्रार्थनेत थेट देवाजवळ. पद्धत वेगळी, पण लपवाछपवी थांबवणं दोन्हीकडे सारखंच. स्तोत्र 51 म्हणतं, देवाला आवडणारा यज्ञ म्हणजे भग्न हृदय. बदलण्याचं बळही माणसाने एकट्याने गोळा करायचं नसतं. फिलिप्पैकरांना पौल लिहितो की इच्छा करणं आणि कृती करणं या दोन्हींमागे तुमच्यात काम करणारा देवच आहे.

राहता राहिले ते प्रश्न ज्यांवर शास्त्रात सरळ आज्ञा सापडत नाही. आपल्याकडे ते नेहमीचे: ख्रिस्ती बाईने मंगळसूत्र घालावं का? (पुष्कळ जणी घालतात, त्यात क्रूस ओवून.) शेजाऱ्यांनी दिलेला प्रसाद घ्यावा का? चर्चमध्ये टाळ-मृदंग चालतो का? या शेवटच्याला ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी भजनं रचूनच उत्तर दिलं आणि ती आजही उपासनेत गाइली जातात. बाकीच्यांवरून घराघरांत वाद होतात. रोमच्या मंडळीतही असाच वाद होता, मांस खावं की फक्त भाजीपाला यावरून. पौलाचं स्वतःचं मत खाणाऱ्यांच्या बाजूचं होतं, ते त्याने लपवलं नाही. पण निकाल मात्र वेगळाच दिला. खाणारा देवाचे आभार मानून खातो, न खाणारा देवाचे आभार मानून टाळतो. खाणाऱ्याने दुसऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने दोष देऊ नये. आणि तुझ्या ताटातल्या घासामुळे भावाला ठेच लागत असेल, तर तो घास तू सोड. देवाचं राज्य खाण्यापिण्यात नाही, ते नीतिमत्त्व, शांती आणि पवित्र आत्म्याच्या आनंदात आहे. आणि या बाबतींत जो ख्रिस्ताची सेवा करतो, असं रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय सांगतो, तो देवाला आवडतो आणि माणसांनाही पटतो.